पलीकडच्या पागेची वेबसाइट

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, पहिल्या मजल्यावरच्या एका गाळ्यात माझं टेबल होतं. पंप, झडपा, खोकी बांधायची मशिनं असला माल बनवणाऱ्या कंपन्यांच्या वेबसाइट मी करायचे. मालाचा फोटो, मापं, पत्ता, आणि सगळ्यात वर दर्जा नि विश्वास यांच्याबद्दल चार ओळी. त्या चार ओळी मी इतक्यांदा लिहिल्या होत्या की नुसतं कंपनीचं नाव बदललं तरी काम व्हायचं.

एका दुपारी एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी विचारलं, जनावरांच्या जागेची वेबसाइट करता का. कुठली जनावरं, असं मी विचारल्यावर म्हणाल्या, घोडे. खाडीपलीकडे गोराईला त्यांची छोटी पागा होती. पाच घोडे. त्यांचे यजमान तिथे मुलांना घोडेस्वारी शिकवायचे. वर्षभरापूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला आणि वाचा गेली. चौकशीचे फोन मात्र अजून त्यांच्याच मोबाइलवर यायचे. ते सवयीने उचलायचे, पलीकडच्या माणसाला नुसता श्वास ऐकू यायचा, आणि तो ठेवून द्यायचा.

"लोकांना फोन करावाच लागू नये, असं काहीतरी करून दे," त्या म्हणाल्या. पहिल्याच फोनवर त्या मला अगं-तुगं करायला लागल्या होत्या, आणि मला ते खटकलं नाही.

मी राहायला बोरिवलीला, म्हणून शनिवारी येते म्हटलं. जेट्टीवरून फेरीबोट धरली, पलीकडे उतरून रिक्षा केली. नारळाच्या वाड्या ओलांडून एका कच्च्या रस्त्याच्या टोकाला पागा होती. पत्र्याची लांब शेड, तिच्यात घोड्यांचे कप्पे, समोर मातीचं गोल रिंगण, बाजूला दोघांचं छोटं घर. जमीन तिथल्याच एका कुटुंबाची, भाडेकरारावर घेतलेली. फोन करणाऱ्या बाईंना मी ताई म्हणायला लागले, त्यांच्या यजमानांना सर. ताई बँकेतून निवृत्त झालेल्या, माहेर मुलुंडचं. सरांनी सारं आयुष्य घोडेस्वारी शिकवण्यात काढलेलं. आधी एका निवासी शाळेत, मग इथे स्वतःची पागा काढून.

सर बदामाच्या झाडाखाली खुर्चीत बसले होते. उंच माणूस, खुर्चीत मावत नव्हता. उजवा हात मांडीवर निपचित. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी डावा हात वर केला आणि म्हणाले, "चल."

मी ताईंकडे पाहिलं. त्यांनी सांगितलं की तेवढा एकच शब्द उरलाय. घोड्याला चालायला लावताना म्हणायचा तो. चहा हवा असला तरी चल, नको असला तरी चल, राग आला तरी तेच. ऐकलेलं सगळं कळतं त्यांना, वाचलेलंही बरंचसं. डॉक्टर म्हणतात, शब्द आत आहेत पण बाहेरची वाट बंद झालीय. बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येत होती. ती सफरचंदाचं, छत्रीचं चित्र दाखवून विचारायची, हे काय आहे काका? सर तोंड फिरवून बसायचे. शेवटी तिने येणं बंद केलं.

मी घोड्यांचे, शेडचे, रिंगणाचे फोटो काढले. एक पांढरी घोडी, एक काळा घोडा, दोन तांबडे आणि एक ठेंगणं तट्टू. घरी येऊन एका बैठकीत मजकूर लिहून टाकला. पुढच्या शनिवारी लॅपटॉप घेऊन गेले आणि दोघांना वाचून दाखवला. निसर्गाच्या कुशीत, शहराच्या गजबजाटापासून दूर, आपल्या पाल्यासाठी अविस्मरणीय अनुभव. असंच सगळं. सर शेवटपर्यंत ऐकत होते. मग त्यांनी डावा हात पुढे केला आणि लॅपटॉपचं झाकण हळूच मिटवलं.

मला अपमान वाटला. ताई ओशाळल्या. चहा ठेवायला आत गेल्या, मीही त्यांच्या मागे गेले. त्यांनी आधण ठेवलं. मग म्हणाल्या, "ह्यांना राग नाही आला गं. तू एवढं वाचलंस, त्यात आमचा एकही घोडा नव्हता."

मी चहा घेतला आणि बाहेर येऊन सरांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. घोड्यांची देखभाल करणारा सईस पांढऱ्या घोडीला खरारा करून बाहेर आणत होता. मी सरांना विचारलं, ही कशी आहे? माझी उत्तराची अपेक्षा नव्हती. त्यांनी घोडीकडे बघितलं. जबडा हलायला लागला, मान लाल झाली. मी म्हणणार होते की राहू दे सर, तेवढ्यात ते म्हणाले, "एक... एकटी." आणि जोरजोरात मान हलवली, नाही म्हणून.

ताई चहाचे कप गोळा करायला आल्या होत्या. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. नंतर त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला. शेजारच्या कप्प्यातली म्हातारी घोडी मेली तेव्हा ही पांढरी खाईना. मग सर आपलं जेवणाचं ताट घेऊन तिच्या कप्प्याबाहेर बसायला लागले. ते जेवायला लागले की तीही गवतात तोंड घालायची. नवा घोडा शेजारी येईपर्यंत त्यांचा हाच क्रम होता.

मी घरी आले आणि लिहिलं, "हिला एकटीने जेवायला आवडत नाही. शेजारी कोणीतरी लागतं." एवढंच. पुढच्या वेळी ते वाचून दाखवलं. सरांनी झाकणाला हात लावला नाही. "चल," म्हणाले, आणि काळ्या घोड्याकडे बोट केलं.

अशी ती वेबसाइट झाली. मी शनिवारी जायचे. एकेका घोड्याला त्यांच्यासमोर आणून उभं करायचं, मी विचारायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं मला जड जायचं, त्यांच्या ओठांवर येणारा शब्द आपणच पुरा करावा असं वाटायचं. एकदा मी तसं केलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि त्या दिवशी पुढे काही बोलले नाहीत. तेव्हापासून मी दात आवळून थांबायला शिकले. कधी एका शनिवारात दोन शब्द मिळायचे, कधी एकही नाही. मोठ्या तांबड्याबद्दल खूप झटापट करून ते म्हणाले, "साहेब." ताईंना हसू फुटलं, सईस हसला, मग सरही हसले, अर्ध्या चेहऱ्याने. त्याच्या पानावर आम्ही लिहिलं, "हा साहेब आहे. खाल्ल्याशिवाय हलत नाही." तट्टूबद्दल शब्द आला, "आई." ते तट्टू नर होतं. पण लहान मूल पहिल्यांदा पाठीवर बसलं की ते पाय मोजून टाकायचं, मूल कललं की तेही थांबायचं. तेही तसंच लिहिलं.

वेबसाइट सुरू झाली. पहिल्या पानावर मी सरांचा एक जुना फोटो टाकला होता, ताईंनी कपाटातून काढून दिलेला. तरुण सर, काळ्याभोर घोड्यावर, अडथळ्याच्या वर, हवेत. हळूहळू चौकश्या यायला लागल्या. कांदिवलीहून, अंधेरीहून, पार घाटकोपरहून लोक मुलांना घेऊन यायला लागले. ताई वेळ ठरवून द्यायच्या, सईस मुलांना बसवायचा, सर खुर्चीतून बघायचे. चांगलं चाललं होतं.

मग एका शनिवारी मुलुंडचा एक गृहस्थ आला. चाळिशी ओलांडलेला, कुठल्याशा ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. शाळेत असताना तो सरांकडे शिकला होता. वेबसाइटवर फोटो पाहिला आणि फेरीबोट पकडून थेट आला. लांबूनच सरांना ओळखून तो जवळजवळ धावत गेला, पाया पडला. "सर, ओळखलंत ना?"

सरांनी ओळखलं होतं. त्यांच्या डोळ्यांत ते स्पष्ट दिसत होतं. त्यांनी त्याचं मनगट पकडलं, तोंड उघडलं, आणि त्याच्या नावाऐवजी तोच शब्द आला. "चल." परत प्रयत्न केला. परत तोच, अजून मोठ्याने. "चल. चल."

त्या माणसाला वाटलं, सर आपल्याला जायला सांगताहेत. त्याचा चेहरा पडला. त्याने मनगट सोडवून घेतलं आणि दोन पावलं मागे सरला. ताई धावत गेल्या, त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो परत आला, सरांच्या पायाशी जमिनीवर बसून राहिला, जुन्या गोष्टी सांगत राहिला. सर त्याच्याकडे बघत नव्हते. रिंगणापलीकडे कुठेतरी बघत होते.

त्यानंतर सर बाहेर यायचे बंद झाले. मुलं यायची त्या वेळी ते आतल्या खोलीत पडून असायचे. मी गेले की ताई दार उघडून सांगायच्या, आज नको. शब्द पुन्हा आटले. ताईंनी मला विचारलं, ही वेबसाइट बंद करायची तर काय करावं लागतं? मी सांगितलं, एक बटण. त्या म्हणाल्या, थांब मग, त्यांनाच विचारते.

मी लॅपटॉप आत नेला. सरांनी पहिलं पान उघडं पाहिलं, आणि त्या उडी घेणाऱ्या तरुण माणसावर बोट ठेवलं. मान हलवली. मी विचारलं, हा फोटो काढू? त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. मी त्यांच्यासमोरच तो काढून टाकला. बाकीच्या पानांना त्यांनी हात लावला नाही. पांढऱ्या घोडीचं पान उघडून मात्र बराच वेळ बघत बसले. वेबसाइट चालू राहिली. पहिल्या पानावर फोटोच्या जागी नुसती पांढरी चौकट उरली, आणि मी ती तशीच ठेवली. दुसरं काही लावायला मन होईना.

बरेच आठवडे असे गेले. एका शनिवारी मी पोचले तर सर बदामाखाली बसलेले होते. दाढी केलेली, स्वच्छ शर्ट. त्यांनी मला मोबाइल काढायची खूण केली. मग पांढऱ्या घोडीला आणायला लावलं. ती येऊन त्यांच्या खुर्चीला लागून उभी राहिली. मी फोटो काढला. खुर्ची, निपचित उजवा हात, वाकडं झालेलं तोंड, सगळं त्यात दिसत होतं. मी स्क्रीन त्यांना दाखवली. त्यांनी मान डोलावली, आणि मग फोटोच्या खालच्या रिकाम्या जागेवर बोट टेकवलं. तिथे काहीतरी लिहायचं होतं.

ताई, सईस आणि मी उभे राहिलो. घोडीही उभी होती. सरांच्या कपाळावर घाम आला.

"बोलत... नाही," ते म्हणाले. बराच वेळ गेला. मला वाटलं, झालं एवढंच. मग ते म्हणाले, "शिकवतो."

मी पहिल्या पानावर तेच लिहिलं. बोलत नाही. शिकवतो. आणि त्यांनी खरोखर शिकवायला सुरुवात केली. डाव्या हातात एक बारीक काठी घ्यायचे. काठी वर म्हणजे पाठ सरळ, आडवी म्हणजे टाचा खाली, जमिनीवर टेकवली की थांब. आणि सगळं नीट जमलं की तो एक शब्द. मुलांना ते मोठ्या माणसांपेक्षा लवकर कळलं. मुलुंडचा तो गृहस्थही परत आला, आपल्या मुलीला घेऊन. या वेळी त्याने काही विचारलं नाही. मुलीला तट्टूवर बसवलं आणि स्वतः कुंपणाला टेकून उभा राहिला.

माझं काम म्हणाल तर थोडंच होतं. पावसाळ्यात रिंगण बंद, वादळामुळे फेरीबोट बंद, असल्या सूचना लावायच्या. नवे फोटो टाकायचे. पंपांच्या कंपन्या सुटत गेल्या, मरोळचा गाळा सुटला, मी घरून काम करायला लागले, तरी शनिवारचं जाणं राहिलं. सरांचे शब्द वाढत होते, पण फक्त घोड्यांबद्दलचे. घरात चहा, वरण, पंखा यांच्यासाठी तोच एक शब्द पुरायचा. पानांत अधूनमधून ओळ वाढायची. दर वेळी मी सगळं पान पहिल्यापासून वाचून दाखवावं असा त्यांचा हट्ट असायचा, आणि माझ्या मागे ताईही त्यांना ते संध्याकाळी वाचून दाखवायच्या.

एका सकाळी ताईंचा फोन आला, वेबसाइटवर भलतंच काहीतरी दिसतंय. मी उघडलं. पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती, परदेशी भाषेत. कोणीतरी आत घुसून सगळी पानं पुसून टाकली होती. ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ती होती त्यांच्याकडे एक प्रत निघाली, पण फार जुनी. चार पानं बरीचशी परत आली. काळ्या घोड्याचं पान सगळ्यात शेवटी पुरं झालेलं आणि सगळ्यात मोठं, ते कुठेच नव्हतं. माझ्या लॅपटॉपवरही त्याचा अर्धाच मजकूर सापडला.

मी जाऊन सरांना सांगितलं. सांगताना मलाच रडू आलं, कारण त्यातला एकेक शब्द बाहेर पडताना मी पाहिला होता. सरांनी ऐकलं. त्यांना मी रडते आहे याचंच नवल वाटलं असावं. त्यांनी डोक्याला बोट लावलं, आणि बोलायला लागले.

"हा काळा. घाई नाही. उजव्या कानाला हात लावू नका. नाल ठोकताना तोंडाजवळ कोणीतरी उभं राहा. गाणं म्हटलं तर चालतं. पावसात बाहेर न्या, त्याला आवडतं. मुलींना लवकर घाबरतो, मुलींनी आधी नाव सांगावं."

अडखळत, मध्ये थांबत, पण ओळीने, जसं लिहिलं होतं तसं. ताई आतून हात पुसत आल्या होत्या. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या त्या बाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या, आणि नवरा बोलत होता. मी टाइप करायला लागले नाही. मी नुसती ऐकत होते. पुरं झाल्यावर सरांनी लॅपटॉपकडे बोट केलं, तेव्हा मला भान आलं. मग त्यांनी सगळं पहिल्यापासून परत सांगितलं.

दुसरा झटका त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आला. सकाळी, खुर्चीत असतानाच. बोटीतून अलीकडे आणून बोरिवलीच्या हॉस्पिटलात नेलं, पण ते शुद्धीवर आले नाहीत. क्रियाकर्म उरकल्यावर ताईंनी मला बोलावलं. वेबसाइटवर काय लिहायचं ते त्यांनी मनाशी ठरवलेलं होतं. दुःखद, कळविण्यास, असलं काही नको म्हणाल्या. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. "सर गेले. घोडे इथेच आहेत. शिकवणं चालू राहील."

मुलुंडचा तो शिष्य दर रविवारी यायला लागला. त्याने खुर्चीत बसायचं नाकारलं, रिंगणाच्या मधोमध उभा राहून शिकवायचा. काही काळ तसं निभावलं. मग भाडेकरार संपला. जमिनीच्या मालकांच्या मुलांना तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. ते वाईट लोक नव्हते, त्यांनी वेळ भरपूर दिला. ताईंनी भांडण केलं नाही. घोडे मागणाऱ्या प्रत्येकाच्या जागेवर त्या स्वतः जाऊन आल्या, कर्जतला, मुरबाडला, एकदा पार सातारच्या बाजूला. माझ्याकडून त्या माणसांना त्या त्या घोड्याच्या पानाची लिंक पाठवून घ्यायच्या, आणि भेटीला गेल्या की वाचलंत का, हा पहिला प्रश्न. एकाने वाचलं नव्हतं. त्याला त्यांनी घोडा दिला नाही.

शेवटचा गेला साहेब. त्याला गाडीत चढवताना ताई पाठ करून उभ्या होत्या.

आता त्या मुलुंडला बहिणीच्या शेजारी राहतात. वेबसाइट आहे. प्रत्येक पानावर घोडा सध्या कुठे आहे ते लिहिलंय. अजून कोणी ना कोणी विचारतं, शनिवारी येऊ का, आणि मी उत्तर देते की पागा आता नाही. गेल्या वर्षी ताई म्हणाल्या, मला हे शिकव, तुला किती त्रास द्यायचा. मी मुलुंडला त्यांच्या घरी दोन-चार वेळा गेले, पान उघडायचं कसं, फोटो चढवायचा कसा ते दाखवलं. बँकेतल्या बाई, पटकन शिकल्या.

मग एक दिवस मला वेबसाइटवर एक नवं पान दिसलं. त्यावर फोटो नव्हता. ताईंनी लिहिलं होतं:

"इतकी वर्षं पागेत काढली, मी एकदाही घोड्यावर बसले नाही. लोकांना खोटं वाटतं. लग्न झाल्यावर ह्यांनी एकदा विचारलं, मी नको म्हटलं. त्यांनी परत कधी विचारलं नाही. मी रोज कुंपणापाशी उभी असायचे. त्यांनी एकदा तरी परत विचारायला हवं होतं, असं मला आता वाटतं. मी बसले असते."

मी ते पुन्हा वाचलं. फोन करावा की नाही, ठरेना. शेवटी एका ठिकाणी वेलांटी चुकली होती ती दुरुस्त केली, आणि पान तसंच राहू दिलं.